भिंतभर कपाट करायचंय, पण पैसे कुठून काढायचे?

प्रश्न: बेडरूमच्या, बाथरूमला लागून असलेल्या १० फुटी भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत कपाट करून घ्यायचं आहे. कोटेशन आमच्या ६ महिन्यांच्या घरखर्चाएवढं आलंय. गाठीशी ७ महिन्यांच्या खर्चाएवढी मुदत ठेव आहे आणि दरमहा घरखर्चाच्या ४० टक्के रक्कम शिल्लक पडते. नवऱ्याची नोकरी यंदा कंत्राटी झाली. घर स्वतःचं आहे, मुलीची शाळा संपेपर्यंत म्हणजे निदान १० वर्षं इथेच राहू. कपडे सध्या बॅगांमध्ये आणि पलंगाखाली आहेत, रोज सकाळी शोधाशोध चालते. ठेव मोडावी, घरकर्जावर टॉप-अप (त्याच बँकेचं वाढीव कर्ज) घ्यावा, की कारखानदार देतोय ते हप्ते घ्यावेत?

उत्तर:

ताई, कपाट करा. रोज सकाळी घरातल्या तिघांची चिडचिड होत असेल, तर ती थांबवण्यासाठी पैसे खर्च करणं ही उधळपट्टी नाही. पण तुम्ही विचारलेल्या तीन वाटांपैकी एकही मी सुचवणार नाही. ठेवीतले ६ महिने जागेवर राहू द्या, कर्ज काढू नका, आणि आत्ता अख्खी भिंत करू नका. ५ महिन्यांनी ६ फूट करा. उरलेले ४ फूट नंतर.

आधी ठेवीचं बोलू. दोघांच्या नोकऱ्या कायम असत्या तर ४ महिन्यांचा खर्च बाजूला असला तरी मला काळजी वाटली नसती. कंत्राटी नोकरीत मात्र दोन कंत्राटांच्या मध्ये काही महिने रिकामे जाऊ शकतात, म्हणून ६ महिन्यांच्या खाली उतरू नका. तुमच्याकडे ७ आहेत, म्हणजे मोकळा फक्त १. कपाटासाठी ठेव मोडली तर हातात महिनाभराचा खर्च उरेल, आणि त्याच महिन्यात कंत्राट थांबलं तर घर कर्जावर चालवावं लागेल. भिंतीत बसवलेलं कपाट काढून विकता येत नाही. सुट्टं कपाट अडचणीत निदान थोड्या पैशाला जातं. हे एकदा भिंतीला लागलं की त्यातला पैसा परत येत नाही, हे धरूनच निर्णय घ्यायचा. ‘यामुळे घराची किंमत वाढेल’ असं कारखानदार म्हणाला असेल, तर हिशेबात तिथे शून्य लिहा. घर घेणाऱ्याला तुमचं कपाट आवडेलच असं नाही.

आता टॉप-अप. ९ टक्के व्याज कमी वाटतं, पण मुदत बघा. तुमच्या घरकर्जाची १८ वर्षं उरली आहेत आणि टॉप-अपही तेवढाच लांबवला, तर घेतलेल्या प्रत्येक १०० मागे शेवटपर्यंत सुमारे २०२ भरले जातात. तीच रक्कम त्याच दराने ३ वर्षांत फेडली तर साधारण ११४ ते ११५. कपाटाची दारं कुरकुरायला लागतील, एकदा बदलूनही होतील, तरी हप्ता चालूच असेल. जी वस्तू १०-१५ वर्षं वापरायची, तिचं कर्ज त्याहून जास्त वर्षं चालू नये, हा नियम मी स्वतःही पाळते.

कारखानदाराचे हप्ते तर याहून फसवे आहेत, आणि इथे जरा थांबून हिशेब समजून घ्या, कारण पुढे इतर खरेदीतही तो उपयोगी पडेल. त्याने ‘१० टक्के फ्लॅट, ३ वर्षं’ सांगितलंय. फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर तिन्ही वर्षं व्याज. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, तरी व्याज काही कमी होत नाही. १०० चे १३० होतात. घरकर्जासारखं घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. तो ‘बिनव्याजी हप्ते’ द्यायला तयार झाला, तर एकच प्रश्न विचारा: रोख दिले तर किती कमी कराल? जी सूट तो देईल, तेच त्या हप्त्यांचं व्याज.

म्हणजे उरतो तो खर्च कमी करण्याचा मार्ग. तुम्ही कोटेशनची फोड पाठवलीत हे फार बरं केलंत. घरखर्चाच्या महिन्यांत मोजलं तर सांगाडा सव्वादोन, चकचकीत रंगाची दारं पावणेदोन, ९ ड्रॉवर आणि आतले सरकते रॅक सव्वा, माळा आणि दिवे पाऊण. यातला कपडे ठेवायला खरोखर लागणारा भाग आहे सांगाडा, रॉड आणि फळ्या. दर्शनी चकाकी आणि ड्रॉवर यांत मिळून निम्मा पैसा जातोय. ड्रॉवर महाग पडतात, कारण प्रत्येकाला स्वतंत्र खोका, चॅनेल (ड्रॉवर सरकवणारे रूळ) आणि मजुरी लागते. घडीचे कपडे फळीवर तितकेच छान राहतात. आतले कपडे, कागदपत्रं आणि बारीकसारीक वस्तूंसाठी ३ ड्रॉवर पुरतील.

माझी मांडणी अशी आहे. १० फुटांचे २-२ फुटांचे ५ भाग पाडा आणि आराखडा पूर्ण भिंतीचा आत्ताच काढून घ्या. पण बांधा ३ भाग. दारं साध्या लॅमिनेटची, माळा नाही, दिव्यांसाठी फक्त वायर ओढून ठेवा. तुमच्याच कोटेशनच्या प्रमाणात सांगाडा १.३५ महिने, दारं ०.७ च्या आसपास, ड्रॉवर ०.४, असे जवळपास अडीच. वर १० टक्के अनपेक्षित खर्चाला धरले की २.७. तुमच्याकडे ठेवीतला मोकळा महिना १ आणि ५ महिन्यांची बचत २, एकूण ३. बसतं. लॅमिनेटचा आकडा माझा अंदाज आहे, तेवढं नवीन कोटेशन मागवाच.

टप्प्याटप्प्याने करण्यात तोटा नाही असं मात्र नाही. सुतार पुन्हा येईल, धूळ पुन्हा होईल, दर वाढलेले असतील आणि लॅमिनेटची तीच छटा मिळेलच याची खात्री नाही. शेवटच्या अडचणीवर उपाय सोपा आहे: उरलेल्या दोन भागांच्या दारांपुरते लॅमिनेटचे पत्रे आत्ताच घेऊन सपाट ठेवून द्या. ३ महिन्यांच्या रकमेतून जे थोडं उरतंय, ते इथे वापरा. बाकीचा तोटा सोसा. कंत्राटी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ठेव शाबूत ठेवण्याची ती किंमत आहे आणि मला ती रास्त वाटते.

काटकसर कुठे करायची नाही तेही सांगते. बिजागऱ्या, चॅनेल आणि सांगाड्याचा बोर्ड. छतापर्यंतची उंच दारं दोन बिजागऱ्यांवर टिकत नाहीत, त्यांना चार-पाच लागतात. फळीचा फरक तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. प्रत्येक फुटावर तेवढंच वजन असेल, तर २ फुटांऐवजी ३ फूट लांब फळी सुमारे ५ पट वाकते. म्हणून ३ भाग २-२ फुटांचेच ठेवा, ‘दोन मोठे करू, मधला पार्टिशन वाचेल’ या सूचनेला नाही म्हणा. तो वाचलेला पार्टिशन काही वर्षांनी फळ्या बदलायला लावतो.

माप स्वतः एकदा घ्या. हँगर साधारण दीड फूट रुंद असतो, त्यावर कपडा आला की आतून २२ इंच खोली हवी, म्हणून बाहेरून २ फूट. सरकती दारं घेतली तर रुळांसाठी आणखी ३-४ इंच जातात आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. पलंग आणि कपाट यांत अडीच फूट मोकळे राहत असतील तर उघडणारी दारंच बरी. शर्ट-कुर्त्यांना रॉडखाली साडेतीन फूट पुरतात, त्यामुळे ७ फुटांत एकाखाली एक असे दोन रॉड बसतात आणि लटकवायची जागा दुप्पट होते. लांब कपड्यांसाठी एक भाग सव्वापाच फुटांचा ठेवा. बॅगांमधले कपडे एकदा बाहेर काढून मोजा: एक फूट रॉडवर १० ते १२ शर्ट राहतात. हे मोजल्यावर कदाचित ६ फुटांतच भागेल. तसं झालं तर मला मनापासून आनंद होईल.

एक गोष्ट पत्रात ओझरती आली आहे, पण पैशाच्या दृष्टीने ती सगळ्यात मोठी आहे. ही भिंत बाथरूमला लागून आहे. काम सुरू करण्याआधी भिंतीला ओल आहे का, रंगाला पोपडे धरलेत का, नळांची पाइपलाइन कुठून जाते, हे जाणकाराला दाखवा. कपाट बसल्यावर गळती निघाली तर दुरुस्तीसाठी सगळं उचकटावं लागेल, आणि तोवर पाठीमागचा बोर्ड फुगलेला असेल. ओल असेल तर या ५ महिन्यांच्या बचतीवर पहिला हक्क त्या दुरुस्तीचा. कपाट मग पुढे ढकला. पाइपचा फोटो मापांसह काढून ठेवा, म्हणजे नंतर भोक पाडताना तिथे ड्रिल लागणार नाही.

करार करताना कारखानदाराने ७० टक्के आगाऊ मागितलेत, ते देऊ नका. ३० टक्के सुरुवातीला, सामान घरी आलं आणि तुम्ही ते पाहिलं की ३०, सांगाडे भिंतीला लागले की ३०, आणि शेवटचे १० दारं-ड्रॉवर दोन आठवडे वापरल्यानंतर. बोर्डाचा प्रकार आणि जाडी, बिजागऱ्यांची संख्या, कडांना लावायची पट्टी, काम संपवायची तारीख, हे सगळं कागदावर घ्या. तो याला तयार नसेल तर दुसरा बघा, ५ महिने हातात आहेत.

उरलेल्या ४ फुटांचं काय? कंत्राट वाढलं किंवा नोकरी कायम झाली आणि ठेव ६ महिन्यांच्या वर राहिली, तर पुढच्या वर्षभराच्या बचतीतून ते करा. कंत्राट मध्येच थांबलं तर तिथे सध्याच्या बॅगाच ठेवा, एकावर एक, आणि बचतीतला एक पैसाही तिकडे वळवू नका.