हॅमरला सुई लावण्याआधी

ग्रँड पियानो बनवायला शिकणार असशील, तर आधी लाकूड ओळखायला शिक. स्टाइनवे या पियानो कंपनीच्या २७४ सेंटिमीटर लांब ‘डी’ मॉडेलची कड, म्हणजे बाहेरची वाकडी चौकट, मेपलचे पातळ थर चिकटवून, सगळे एकदम साच्याभोवती वाकवून करतात. त्याचं पेटंट १८८० चं. वाकवलेली कड कित्येक आठवडे नुसती ठेवतात, लाकडातला ताण निवळेपर्यंत. तिथे घाई करणारा माणूस या कामाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

साउंडबोर्डसाठी, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या पातळ लाकडी पाटासाठी, स्प्रूसच्या फळ्या निवडताना रेषा सरळ आणि दाट आहेत ना, ते स्वतः पाहा.

खरा कस लागतो व्हॉइसिंगला, म्हणजे सुराचा पोत घडवायला. तारेवर आपटणाऱ्या हॅमरचं फेल्ट, म्हणजे त्यावरचा दाबलेल्या लोकरीचा थर, घट्ट असेल तर सूर टोचतो; सुईने ते सैल केलं की गोलाई येते. पण जास्त टोचलंस तर आवाज मरतो आणि तो सहजी परत येत नाही. म्हणून आधी ट्यूनिंग आणि अ‍ॅक्शनचं (पट्टीपासून हॅमरपर्यंतच्या यंत्रणेचं) रेग्युलेशन, म्हणजे बारीक जुळणी, पक्कं कर, नाहीतर दोष दुसरीकडे असताना फेल्टला शिक्षा होईल. सुरुवात हॅमरच्या खांद्यापासून, तारेवर आपटणाऱ्या टोकापासून लांब. दोन-चार टोचे, मग वाजवून शेजारच्या स्वरांशी ताडून पाहा. आणि हात बसेपर्यंत जुने, काढून टाकलेले हॅमरच वापर.