लेस्टरचं घर आणि साड्यांखालचं पत्र

«ताई, माझी आत्या लेस्टरला नर्स होती. लग्न केलं नव्हतं. दर रविवारी मला फोन करायची. मार्चमध्ये गेली. मृत्युपत्रात तिथलं घर एकट्या माझ्या नावे आहे. सॉलिसिटरचं पत्र येऊन चार महिने झाले, ते साड्यांखाली ठेवलंय. दादाला कळलं तर म्हणेल, आजोबांनी दागिने गहाण टाकून तिला पाठवलं, घर सगळ्यांचं. शेजारचे म्हणतात, परदेशातलं इथे कोण बघतंय, गप्प बसा. आजीची समईही त्याच घरात आहे. काय करू?»
– दांडिया बाजार, बडोदा

ताई, पत्र आजच बाहेर काढा. आत्या गेल्याचं दुःख अजून ओलं आहे आणि त्यावर ही भीती तुम्ही एकट्याने वाहताय, याचं मला फार वाईट वाटतं.

घाई आहे ती तिकडच्या तारखांची. इंग्लंडमध्ये वारसा कर मृत्यूच्या महिन्यानंतर सहा महिन्यांत भरावा लागतो. म्हणजे तुमच्या बाबतीत ३० सप्टेंबर. त्यापुढे व्याज चढतं. आत्याची एकूण मालमत्ता ३,२५,००० पौंडांच्या आत असेल तर सहसा हा कर लागत नाही. वर गेली तर वरच्या रकमेवर ४० टक्के. मुलांना घर मिळालं तर जादा सूट असते, भाचीला ती नाही. कर भरायचं काम मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचं, पण तुमच्या उत्तरावाचून त्याचं काम अडू शकतं. शिवाय बंद घराचा विमा बरेचदा महिना-दोन महिन्यांनी तोकडा पडतो आणि थंडीत पाण्याचे पाइप फुटतात. विम्याचं काय केलंय, तेही विचारा.

शेजाऱ्यांचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नका. घर ठेवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाकडून वारशाने आलेलं घर ठेवायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, कलम ६(४) ने मुभा आहे. वारसा म्हणून इथे करही नाही. पण घर तुमचं झाल्यावर ते दरवर्षी आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावंच लागतं, भाडं येवो न येवो, तुमचं उत्पन्न कितीही कमी असो. लपवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. तिकडे भाडं जमा होणाऱ्या बँक खात्याची माहिती दोन्ही सरकारं एकमेकांना देतात. बडोद्यात घरोघरी कुणी ना कुणी बाहेर आहे, असे हिशेब पाहिलेला सी.ए. सहज मिळेल. विकायचं ठरलं तर आधी त्यालाच विचारा: तिथे नफा मृत्यूच्या दिवशीच्या किमतीपासून मोजतात, इथे आत्याने घेतलेल्या किमतीपासून. खरेदी जुनी असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते.

आता दादा. आजोबांचे दागिने खरे, त्यांचे उपकारही खरे. पण घर आत्याने स्वतःच्या पगारातून घेतलं असेल, तर ते वडिलोपार्जित होत नाही. आणि जमीनजुमल्याचा वारसा तो ज्या देशात आहे तिथल्या कायद्याने ठरतो. तिथे मृत्युपत्र चालतं. दादाचा हक्क नाही, हे तुम्ही मनाशी पक्कं करा, मग त्याच्याशी बोला. कागद हातात ठेवून, वहिनीसमोर, घरी बोलावून. त्याला नंतर सी.ए.कडून किंवा नातलगांकडून कळलं तर घरापेक्षा तुमचं लपवणंच त्याला जास्त लागेल. काही द्यावंसं वाटलं तर द्या, पण रागाच्या भरात शब्द देऊ नका. मृत्यूपासून २ वर्षांच्या आत तिथल्या कायद्याप्रमाणे वाटणी बदलता येते, तेव्हा विचाराला वेळ आहे. आत्याने रविवारी फोन कुणाला केला, हे दादालाही ठाऊक आहे.

आणि सॉलिसिटरच्या ईमेलमध्ये आजच लिहा की घर रिकामं करायला माणसं येण्याआधी समई वेगळी काढून ठेवा.