वाचकांचे प्रश्न : बंदूक दुरुस्त करणाऱ्या अण्णांविषयी काय लिहावे?

प्रश्न : आमच्या पेठेत बंदुका दुरुस्त करणारे अण्णा गेल्या महिन्यात वारले. ते स्वतः दहा मीटर एअर पिस्तूलचे स्पर्धक होते आणि आम्हा अनेकांना नेमबाजीची गोडी त्यांनीच लावली. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढावी व त्यांच्या नावे चषक ठेवावा, असे आम्हा शिष्यांच्या मनात आहे. परंतु लिहायला बसलो की ‘मनमिळाऊ’ आणि ‘निगर्वी’ यांपुढे लेखणी सरकत नाही. शिवाय बंद दुकानात गिऱ्हाइकांच्या बंदुका पडून आहेत. काकूंनी त्यांचे काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो वर्षश्राद्धापर्यंत थांबणारा नाही. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार बंदूक बाळगण्यासाठी जसा परवाना लागतो तसाच ती दुरुस्त करण्याच्या व्यवसायासाठीही लागतो, आणि तो अण्णांच्या नावे होता. म्हणून गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असले आणि हातात पावती घेऊन आले, तरी काकूंनी बंदूक परस्पर देऊ नये. दुकानातील नोंदवही जपून ठेवावी, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवावे आणि शहरातील परवान्यांचे काम पाहणाऱ्या पोलीस आयुक्तालयाच्या सांगण्याप्रमाणे शस्त्रे जमा करावीत. अण्णांची स्वतःची परवान्याची शस्त्रेही विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. घरातील कोणाला ती ठेवायची असल्यास वारस म्हणून स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो.

आता स्मरणिकेविषयी. तुमची विशेषणे खोटी नाहीत, पण ती कोणत्याही सज्जन किराणा दुकानदारालाही लागू पडतील. अण्णा वेगळे होते ते त्यांच्या हातामुळे, तेव्हा त्यांच्या कामाविषयी लिहा. एअर पिस्तूलचा चाप ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि स्पर्धेआधी पंच चापाला तेवढे वजन टांगून पिस्तूल उचलून पाहतात. वजन पेलण्याआधी चाप सुटला तर पिस्तूल नापास होते. सुटू नये म्हणून तो फार जड ठेवला तर ओढताना मनगट हलते आणि दहा गुणांच्या वर्तुळात बसणारा छर्रा आठात जातो. हे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते, तर एअर रायफलचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, ज्याच्यापेक्षा 4.5 मिलिमीटरचा छर्राच नऊपट रुंद. एवढ्याशा जागेसाठी चापाचे स्क्रू पाव फेऱ्याने फिरवणारा माणूस स्वतःही स्पर्धेत उभा राहत असेल, तर नेमबाजाची तक्रार त्याला अर्ध्या वाक्यात कळते. निव्वळ कारागिराला ती कळतेच असे नाही, आणि निव्वळ खेळाडूला ती कळली तरी दूर करता येत नाही.

म्हणून प्रत्येक शिष्याला एकच गोष्ट लिहायला सांगा : माझ्या हत्यारात काय बिघडले होते, अण्णांनी ते कसे ओळखले आणि त्या वेळी ते काय म्हणाले. ते मराठीत बोलता बोलता कानडीत किंवा तेलुगूत शिरत असतील, तर ते शब्द तसेच राहू द्या. सोलापुरात त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. रानडुकरांचा त्रास म्हणून बारा बोअरची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनाही विचारा, कारण दुकान बहुधा त्यांच्यावरच चालत असणार. म्युनिकला 2010 साली विश्वविजेत्या ठरलेल्या तेजस्विनी सावंत किंवा 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे आपल्याला नावानिशी ठाऊक असतात. रायफल जुळवून देणाऱ्याचे नाव मात्र पदकाच्या बातमीत सहसा येत नाही. तुमच्या स्मरणिकेत ते यावे.

चषकाचा आग्रह मी धरणार नाही. चौकाचौकातील फलकांइतकेच चषकही शहरात उदंड झाले आहेत. तोच पैसा मुलांच्या जुन्या रायफलींच्या स्प्रिंगा, सील आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी खर्च करणे अण्णांना अधिक रुचले असते, असे तुमच्या पत्रावरून वाटते.

प्रश्न : अण्णांनी वापरलेली स्प्रिंगची एअर रायफल काकूंनी माझ्या मुलीला दिली आहे. तिला परवाना लागेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नळी .177 बोअरची, म्हणजे 4.5 मिलिमीटरची, आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असल्यास परवाना लागत नाही. तरीही खरेदीची जुनी कागदपत्रे सापडल्यास काकूंकडून मागून घ्यावीत. रायफल बरेच दिवस पडून असेल, तर वापरण्यापूर्वी ती जाणकाराकडून उघडून घ्यावी, कारण पिस्टनला चामड्याचे वॉशर असल्यास ते आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाळून चिरते. छर्रा न भरता चाप ओढू नये, हे मुलीला पहिल्याच दिवशी सांगावे : पुढे छर्ऱ्याचा अडथळा नसला की हवेचा दाब राहत नाही आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकावर जाऊन आदळतो.