खोक्यावरचे ६५ वॉट आणि खानदेशातला मे

प्रश्न : लग्नसराईच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी नवा पीसी जोडायचा आहे. इंटेल कोअर आय५-१४४०० आणि एएमडी रायझन ५ ७६००, या दोन्ही प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॉटच लिहिलंय. म्हणजे वीज सारखीच खाणार ना? स्टुडिओवर पत्रे आहेत, एसी नाही.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : सारखी नाही. रायझन ५ ७६०० पूर्ण भारावर ८८ वॉटपर्यंत जातो. आय५-१४४०० ला टर्बोत, म्हणजे वेग तात्पुरता वाढवताना, १४८ वॉटपर्यंत मुभा आहे. ती काही सेकंदांपुरती, नंतर ६५ वर यायचं, असा मूळ हिशेब. पण बरेच मदरबोर्ड ही मर्यादा सैल ठेवूनच येतात.

म्हणून एका कामाला किती वीज लागली ते मोजा. एकच टाइमलाइन दोन्हींवर एक्स्पोर्ट करा, एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममधली ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ची (प्रोसेसर खात असलेल्या विजेची) सरासरी आणि लागलेली मिनिटं टिपून ठेवा. समजा एकाने ११० वॉटवर २० मिनिटं घेतली, दुसऱ्याने ८५ वॉटवर २४. हिशेब होतो ३७ आणि ३४ वॉट-तास. बिलात हा फरक जाणवणारही नाही.

तुमच्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. समजा, २५ अंशांच्या खोलीतल्या चाचणीत चिप ८० वर गेली, म्हणजे खोलीपेक्षा ५५ ने वर. मेमध्ये पत्र्याखाली ४३ अंश असले तर तोच भार, तोच हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग), आणि आकडा ९८! रायझनची मर्यादा ९५, १४४०० ची १००. तिथे टेकली की चिप आपणहून वेग उतरवते आणि दुपारचं रेंडर रेंगाळतं. त्यापेक्षा मर्यादा आपणच घाला : इंटेलला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) लाँग आणि शॉर्ट दोन्ही पॉवर लिमिट ८० वॉट, रायझनला पीपीटी (प्रोसेसरची एकूण वीज-मर्यादा) ६५ ते ७०. वेग थोडाच घटतो, कारण शेवटच्या काहीशे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज चढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते.

वाळ्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नका. ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या पात्यांवर चिकटून थर बसतो. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ब्लोअर मारा. मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

एवढं सगळं जमवूनही निवड ठरवेल तुमचा कॅमेरा. तो एचईव्हीसी १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारा व्हिडिओचा प्रकार) देत असेल तर इंटेलच घ्या. इंटेलच्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक ते हार्डवेअरवर उलगडतं, ७६०० मधल्या ग्राफिक्सला ते जमत नाही. फक्त ‘१४४००एफ’ घेऊ नका. त्यात ग्राफिक्सच नाही, मग क्विक सिंकही नाही.

प्रश्न : दुकानात बिलिंगचा पीसी दहा तास चालू असतो. कोणता कमी वीज खाईल?
– एक वाचक, शहादा

उत्तर : तो बहुतेक वेळ रिकामाच असतो, त्यामुळे टर्बोचे आकडे सोडून द्या. रायझन ७६०० मध्ये मेमरी कंट्रोलर वेगळ्या चिपवर आहे, म्हणून तो रिकामा असतानाही इंटेलपेक्षा काही वॉट जास्त घेतो. बिलिंगला लॅपटॉपचा प्रोसेसर असलेला मिनी पीसी पुरतो, मग कंपनी कुठलीही असो.