आबांचा नारळ आणि तुझी वही

ताई,
मी माण तालुक्यातली. नाव छापू नका. बारावी सायन्सला ७८ टक्के पडले, सीईटीला पीसीएममध्ये ९१ पर्सेंटाइल आहे. पप्पा म्हणतात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे. माझा चुलतभाऊ हिंजवडीत आहे, त्याचं बघून सगळे तेच म्हणतात. आई म्हणते बीएस्सी कर, मग बीएड कर, घराजवळ नोकरी लागेल. मला जिऑलॉजी, म्हणजे भूशास्त्र, शिकायचं आहे. माझे आबा पाणाडे आहेत, तळहातावर नारळ धरून जमिनीखालचं पाणी सांगतात. लहानपणापासून मी त्यांच्याबरोबर विहिरींवर फिरते. नववीपासून एका वहीत प्रत्येक विहिरीचे थर लिहून ठेवलेत, अकरा विहिरी झाल्या. आमच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं आणि पन्नास फुटांवरची चुलत्यांची विहीर दिवाळीला कोरडी पडते. असं का, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. गेल्या वर्षी पप्पांनी कर्ज काढून साडेचारशे फूट बोअर मारली, नुसता फुफाटा निघाला. जिऑलॉजीचं नाव काढलं की पप्पा म्हणतात, "दगड मोजून कुणाचं पोट भरलंय?" मी काय करू?
– माणगंगा

प्रिय माणगंगा,

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे. वर त्यातलं थोडंच छापलंय. मी ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिलीने खुणा केल्या. कॉम्प्युटरबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, त्यातली एक चुलतभावाच्या पगाराची आहे. बीएडबद्दल एक ओळ. विहिरींबद्दल दीड पान. सातव्या विहिरीचे थर तर अख्खे उतरवून काढलेस: "चार फूट माती, नऊ फूट मुरूम, मग मांजऱ्या, मग हातभर गेरू, खाली काळा पाषाण, पाणी मांजऱ्यात." हे कुणी तुला करायला सांगितलं नव्हतं, त्याला मार्क नव्हते. पोरी, जिऑलॉजीच्या खात्यात असा कागद रोज तयार होतो, त्याला लिथोलॉग म्हणतात. तू तो नववीत, नाव माहीत नसताना लिहायला घेतलास.

तो हातभर गेरू काय आहे, ठाऊक आहे? आपला सगळा मुलूख, म्हणजे सह्याद्रीपासून पार विदर्भापर्यंतचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून झाला. एक थर आला, थंड झाला, मध्ये बराच काळ गेला. त्या काळात त्याचा माथा ऊनपावसाने कुजून लाल झाला आणि मग त्यावर पुढचा थर येऊन बसला. तुझा गेरू म्हणजे दोन थरांमधली ती सुट्टी. मांजऱ्या म्हणजे थराचा वरचा, वाफेच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला भाग. तो झिजला की त्यात पाणी साठतं. काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही, त्याला भेगा असतील तरच त्यातून पाणी खेळतं. आणि या भेगा सगळीकडे सारख्या नसतात. चुलत्यांची विहीर त्यामुळेच कोरडी असेल, असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण तुझा प्रश्न योग्य आहे, तो विचारणारं एक शास्त्र आहे, आणि त्याचं उत्तर शोधणं हे लोकांचं रोजचं काम आहे, एवढं मात्र खात्रीने सांगते.

आता एक अवघड गोष्ट विचारते. तुला जिऑलॉजी आवडते की आबा आवडतात?

रागावू नकोस. दोन्ही असू शकतं, पण ते वेगळं करून बघायलाच हवं. कारण हा विषय घेतलास की पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कळेल की तळहातावर नारळ उभा राहण्याचा आणि खालच्या पाण्याचा संबंध शास्त्र मानत नाही. कडुनिंबाच्या बेळक्याचंही तेच. तिथे जमिनीत चार सळया ठोकून वीज सोडतात, खडक तिला किती अडवतो ते रेझिस्टिव्हिटी मीटरवर मोजतात आणि आकड्यांवरून अंदाज बांधतात. तोही कधी कधी चुकतो. सुट्टीत घरी येशील आणि आबा कुणाच्या रानात नारळ घेऊन उभे असतील, तेव्हा तुझ्या पोटात काय होईल? याचा विचार आधी कर. हा विषय निवडण्यातली सगळ्यात जड बाजू मला ही वाटते, पगारापेक्षाही जड.

पण तूच लिहिलंयस की आबा रानात शिरले की आधी उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, ओढा कुठून वळलाय ते बघतात. ही फार जुनी विद्या आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय जमिनीखालचं पाणी ओळखण्यावर आहे, आणि त्यात झाडं आणि वारुळं हीच खूण म्हणून पुन्हा पुन्हा येतात. त्यातलं सगळंच खरं ठरेल असं नाही. पण बघत राहणं, लक्षात ठेवणं, ताडून पाहणं ही सुरुवात आबांनी तुला करून दिली आहे.

पप्पांकडे येते. तुला त्यांचा राग आलाय, तो पत्रात दिसतो. पण साडेचारशे फूट बोअर कोरडी गेलेल्या माणसाला "मला जमिनीखालचं शिकायचंय" हे वाक्य कसं ऐकू येत असेल? त्यांनी जमिनीखाली पैसे घातले आणि वर धूळ आली. त्यांना विषय नको आहे असं मला वाटत नाही. आणखी एक कोरडी बोअर त्यांना परवडणार नाही, एवढंच ते सांगतायत. म्हणून त्यांच्याशी आवडीची भाषा बोलू नकोस, खर्चाची आणि वर्षांची बोल. आणि खरं ते सगळं सांग, गैरसोयीचं असलं तरी.

खरं असं आहे. जिऑलॉजीत नुसत्या बीएस्सीवर भागत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचं तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यावी लागते आणि त्याला या विषयातली मास्टर्स पदवी लागते. केंद्रीय भूजल मंडळातल्या शास्त्रज्ञांची भरतीही याच परीक्षेतून होते. म्हणजे तीन अधिक दोन, किंवा नव्या रचनेत चार वर्षांची ऑनर्स करून एक वर्षाची एमएस्सी. दोन्हीकडून पाच वर्षं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, १९७२ सालची. तिथेही भूवैज्ञानिकांची पदं आहेत, पण जागा थोड्या, आणि जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही. बाहेर पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, धरणं-बोगद्यांची कामं, खाणी, नकाशांचं जीआयएसचं काम आहे. पहिला पगार हिंजवडीच्या चुलतभावाएवढा नसेल, हे घरी आत्ताच सांगून टाक. नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटेल.

दुसऱ्या बाजूलाही हीच फुटपट्टी लाव. कॉम्प्युटर म्हणजे चार वर्षांत नोकरी, हे गृहीत धरू नका. कॉलेज कुठलं, गेल्या तीन वर्षांत त्या कॉलेजातून किती मुलं खरोखर लागली, कुठे लागली, हे पप्पांनी तुला घेऊन तिथे जाऊन विचारावं, जाहिरातीच्या फलकावरून नको. फीचंही नीट बघा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षण किंवा ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश फेऱ्यांमधून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, हा निर्णय जुलै २०२४ चा. तुम्ही त्यात बसत असाल तर इंजिनिअरिंग वाटतं तेवढं महाग नाही, हा पप्पांचा मुद्दा खरा आहे आणि तो तू मान्य करायला हवास. उलट अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी कमीच असते, पण जिऑलॉजी सातारा-कोल्हापूरकडे सहज मिळत नाही. पुण्यात फर्ग्युसनला आहे, मुंबईत सेंट झेवियर्सला आहे, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय विज्ञान संस्थेत आहे. म्हणजे खरा खर्च राहण्याजेवणाचा. होस्टेलचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची यादी वेगळी लागते. मुली प्रवेश घेऊन बसतात आणि होस्टेलची तारीख निघून गेलेली असते, ते तुझं होऊ देऊ नकोस.

आई जे म्हणते की "मुलीच्या जातीने डोंगरात, खाणीत कुठं फिरायचं", त्याला उत्तर आहे. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या खाणीत कामाला बंदी होती हे खरंच आहे. २०१९ मध्ये ती वाट मोकळी झाली, तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी बायकांना दिवसा खाली उतरायची परवानगी मिळाली. आईला हे सांग. आणि हेही सांग की ती स्वतः कळशी घेऊन जेवढं चालली आहे तेवढं कुठल्याही फील्ड ट्रिपला चालावं लागणार नाही.

मधला रस्ता म्हणून तू सिव्हिलचं विचारलंयस. कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत सिव्हिल मिळण्यासारखं असेल तर जरूर बघ, सीईटी कक्षाच्या साइटवर गेल्या वर्षीचे कट-ऑफ आहेत. सिव्हिलला एक विषय जिऑलॉजीचा असतोच, पुढे पाण्याच्या विषयात एमटेक करता येतं. पण एक लक्षात ठेव: सिव्हिलवरून भूवैज्ञानिकाच्या जागेला जाता येत नाही, तिथे जिऑलॉजीचीच पदवी मागतात. जिऑलॉजीतून मात्र जीआयएस, रिमोट सेन्सिंग, भूजल अशा बऱ्याच ठिकाणी वळता येतं.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. घर पाच वर्षं थांबू शकत असेल तर जिऑलॉजी घे. थांबू शकत नसेल, कर्जाचे हप्ते तुझ्या पगारावर अवलंबून असतील, तर सरकारी कॉलेजातलं सिव्हिल घे आणि वही चालू ठेव. कॉम्प्युटर तू घेऊ नयेस असं मला वाटतं, कारण चार पानांत तू एकदाही लिहिलं नाहीस की तुला ते करून बघावंसं वाटलं.

बीएस्सी घेतलीस तर गणित सोडू नकोस. मेजर म्हणजे मुख्य विषय कधी पक्का करायचा, मायनर म्हणजे जोडविषय कुठला मिळतो, हे प्रत्येक कॉलेजात वेगळं आहे, ते प्रवेशाच्या खिडकीवरच विचार आणि मायनरला गणित, भौतिकशास्त्र किंवा संख्याशास्त्र मिळतंय का बघ. आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम नावाची परीक्षा असते, तिच्यात जिऑलॉजीचा पेपर आहे, आणि मुंबई आयआयटीत तो विभाग आहे. पप्पांना "आयआयटी" हा शब्द ऐकू दे, त्याचा उपयोग होईल.

फॉर्मचं तातडीचं. बीएस्सीच्या याद्या बहुतेक वेळा इंजिनिअरिंगच्या कॅपच्या आधी लागतात, म्हणून तो अर्ज आज भर, घरचा निर्णय होण्याची वाट बघू नकोस. अर्ज म्हणजे प्रवेश नव्हे. आणि कॅपच्या फॉर्मवर पहिल्या क्रमांकाला जे टाकशील ते पहिल्या फेरीत मिळालं तर घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. नको असलेलं कॉलेज "बघू तर मिळतंय का" म्हणून वर टाकू नकोस.

माझा बारावीनंतरचा फॉर्म काकांनी भरला होता. मला भूगोल हवा होता, मिळालं रसायनशास्त्र. पुढे आयुष्य चांगलंच गेलं, तक्रार नाही. पण काका वारले तेव्हा काकू म्हणाल्या, "तू कधी बोललीच नाहीस, आम्हाला वाटलं तुला चालतंय." हे मला तेवीस वर्षांनी कळलं. म्हणून तुला सांगते, पप्पांशी बोल. जेवताना बोलू नकोस, तेव्हा सगळं घर मत देतं. त्यांना घेऊन त्या कोरड्या बोअरपाशी जा, सोबत वही ने. बोअरवाल्यांनी कुठल्या फुटाला कसला चुरा निघाला ते सांगितलं होतं का, हे पप्पांना विचार आणि त्यांच्यासमोर लिहून घे. ती बारावी नोंद होईल. मग साताऱ्यात भूजल यंत्रणेचं जिल्हा कार्यालय आहे, तिथे दोघं जा. तिथले भूवैज्ञानिक वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात. त्यांना वही दाखव, चुलत्यांच्या विहिरीचा प्रश्न विचार, आणि ते या नोकरीत कसे आले तेही विचार. पप्पांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकू दे.

आबांना आत्ताच काही सांगायची गरज नाही. फक्त पुढच्या वेळी ते कुणाच्या रानात जातील तेव्हा सोबत जा, आणि नारळ हातात घेण्याआधी ते कुठे कुठे बघतात, किती वेळ बघतात, कशापाशी थांबतात, ते वहीत लिहून ठेव.

तुझी,
ताई