जिवाणू मेले की नुसते जायबंदी झाले?

पत्रे वेगवेगळी, घोळ एकच. तापवले, गोठवले, आंबट केले की जिवाणू संपले असे धरून चालायचे. संपत नाहीत सगळे. काही नुसते जायबंदी होतात आणि सोय मिळाली की पुन्हा उभे राहतात.

प्रश्न: महिनाभर फ्रीझरमध्ये राहिलेल्या मांसातले जिवाणू मेलेले असतात ना?

नाही. मांस फ्रिजमध्ये वितळवा, ओट्यावर नको, आणि आतपर्यंत शिजवा.

प्रश्न: पाश्चरायझेशन केलेले दूध पुन्हा उकळायलाच हवे का?

सीलबंद पिशवी सतत थंड राहिली असेल तर गरज नाही. ७२ अंशांवर १५ सेकंदांचे काम कारखान्यात झालेले असते. पिशवी उन्हात पडून होती की नव्हती हे ठाऊक नसेल तर प्रश्न वेगळा. घरात गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कोणी असेल, तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न: आम्ही मांसाचे शिजवून थंड केलेले पदार्थ विकतो. उत्पादनाच्या दिवशी लिस्टेरिया (अन्नातून आजार पसरवणारा एक जिवाणू) 'आढळला नाही'. दहा दिवसांनी त्याच बॅचमध्ये दुसऱ्या लॅबला तो सापडला. कोणती लॅब खोटी?

बहुधा कोणतीच नाही. हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की आता सविस्तरच लिहितो.

उष्णतेचा तडाखा बसला पण जीव गेला नाही, अशा जिवाणूचे बाहेरचे आवरण गळके होते, आतली प्रथिने बनवणारी यंत्रणा मोडते. तो जिवंत असतो, फक्त दुखणाईत. लॅबमध्ये इतर जंतूंची गर्दी रोखायला ज्या माध्यमात (जिवाणू वाढवायच्या खाद्यात) नमुना टाकतात त्यात लिथियम क्लोराइड, ॲक्रिफ्लेविन अशी रसायने असतात. धडधाकट लिस्टेरिया ती पचवतो, जायबंदी पचवू शकत नाही. प्लेट कोरी राहते, अहवाल स्वच्छ येतो. हेच पारखायचे तर तोच नमुना साध्या प्लेटवर आणि मीठ घातलेल्या प्लेटवर लावतात. मीठही जायबंदीला सोसत नाही. समजा, साध्या प्लेटवर १,००० वसाहती (जिवाणू वाढून दिसणारे ठिपके) आल्या आणि मिठाच्या प्लेटवर ५०, तर मधले ९५० जायबंदी.

इकडे तुमच्या पदार्थात त्याला ओलावा, प्रथिने, निवांतपणा सगळे मिळते. तो डागडुजी करतो. आणि लिस्टेरिया शून्य अंशाच्या आसपासही वाढतो, त्यामुळे फ्रिजवर विसंबू नका.

म्हणूनच नीट पद्धतीत पहिला टप्पा सौम्य असतो: लिस्टेरियासाठी आधी रोधक रसायने निम्मी ठेवलेले माध्यम, साल्मोनेला या दुसऱ्या रोगजंतूसाठी आधी साधे पेप्टोन पाणी (रोधक रसायने नसलेले पोषक द्रावण), सुमारे १८ तास. हा वेळ कापून 'उद्याच अहवाल' विकणारे भेटतात. जलद चाचण्या वाईट नाहीत, पण उबवण्याचा टप्पा त्यांनाही लागतो, आणि संचासोबतच्या पत्रकात दिलेले तास कमी करायचे नसतात. लॅबला पद्धतीचे नाव, उबवण्याचे तास आणि तपासलेले वजन विचारा. २५ ग्रॅममध्ये आढळला नाही, म्हणजे त्या २५ ग्रॅममध्ये त्या पद्धतीला आढळला नाही. अहवाल फ्रेम करून भिंतीवर लावणारे हे विसरतात.

शिजवल्यानंतर कापणीच्या यंत्रावरून किंवा गटारातूनही लिस्टेरिया पदार्थात शिरला असेल. तोही संशय धरा, ती बॅच आजच बाजूला काढा, विक्रीला गेलेला माल परत बोलवायचा का हे अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांशी बोलून ठरवा. तिसऱ्या लॅबचा अहवाल येईपर्यंत थांबू नका.

प्रश्न: भाजीपाला धुण्याचे एक 'नैसर्गिक आम्ल' ९९.९ टक्के जंतू मारते म्हणे. घ्यावे का?

१० लाख जंतूंतले ९९.९ टक्के गेले तरी १ हजार उरतात. जाहिरातीत हा आकडा कधी येत नाही. शिवाय चाचणी कोणत्या जंतूवर, किती मिनिटे, भाजीवर की काचेच्या नळीत? सौम्य आम्लात थोडा वेळ राहिलेले काही जिवाणू पुढे जास्त आम्ल, कधी उष्णताही अधिक सोसतात. अर्धवट मारणे म्हणजे तालमीत पाठवणे. घरी वाहते पाणी पुरे. व्यवसायासाठी घेणार असाल तर चाचणीचा मूळ अहवाल मागवा आणि जाणकाराला दाखवा.

प्रश्न: रात्रभर बाहेर राहिलेला भात खडखडीत तापवून खाल्ला तर?

टाकून द्या. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपे) शिजवण्यातून वाचतात, बाहेर राहिलेल्या भातात जागे होऊन वाढतात, आणि त्याचे उलटी आणणारे विष तापवूनही जात नाही. खाऊन झाला असेल आणि उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरांकडे जा, मला पत्र लिहीत बसू नका.

प्रश्न: पावडर, चॉकलेट यांत जिवाणू वाढतच नाहीत. मग तपासणी कशाला?

वाढत नाहीत, पण टिकतात, महिनोन्महिने. उलट कोरडेपणात साल्मोनेला उष्णतेला जास्त दाद देत नाही. ओल्या पदार्थात चटकन मरतो, कोरड्यात त्याच तापमानाला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून दुधाचे तापमान-वेळेचे गणित पावडरीला लावू नका. तुमच्या यंत्रावर, तुमच्याच पदार्थासाठी ते प्रक्रिया-तज्ज्ञाकडून पडताळून घ्या, आणि पाककृतीत साखर किंवा तेल बदलले तर पुन्हा घ्या.