मालक किल्ल्या घ्यायला येत नाही, तेव्हा ताबा कसा द्यावा?

प्रश्न: कोथरूडमध्ये 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. भाडे 22,000 रुपये, डिपॉझिट 66,000. मुदत येत्या 30 तारखेला संपते. महिनाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर घर सोडत असल्याचे कळवले, मालकांनी ‘ओके’ लिहिले. आता म्हणतात, “मी बाहेरगावी आहे, 15 तारखेनंतर बघू, किल्ल्या वॉचमनकडे ठेवून जा.” शिवाय रंगकामाचे आणि ‘इतर’ पैसे कापणार असल्याचेही सांगतात. मित्र म्हणतात, डिपॉझिट हातात पडेपर्यंत किल्ल्या सोडू नकोस. काय करू?

उत्तर: मित्रांचे ऐकू नका. डिपॉझिटसाठी किल्ल्या अडवून धरणे हा अशा भांडणातला सगळ्यात महाग पडणारा मार्ग आहे. 30 तारखेनंतर किल्ल्या तुमच्याकडे असतील तर आत तुमची एक खुर्चीही नसली तरी घर तुमच्याच ताब्यात आहे, असे मालक म्हणू शकतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपूनही ताबा न देणाऱ्याकडून करारातल्या शुल्काच्या (म्हणजे भाड्याच्या) दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. तुमच्या बाबतीत ती महिन्याला 44,000 होते. या हिशेबाने दीड महिन्यात तुमचे सगळे डिपॉझिट संपले.

वॉचमनकडे किल्ल्या ठेवणेही तितकेच धोक्याचे. वॉचमन सोसायटीचा किंवा एजन्सीचा माणूस असतो, मालकाचा प्रतिनिधी नव्हे. उद्या तो नोकरी सोडून गेला, किंवा मालक म्हणाले की तीनपैकी दोनच किल्ल्या मिळाल्या, तर तुमच्याकडे दाखवायला काही नसेल. मालकांना खरोखर दुसऱ्या कुणाकडे किल्ल्या द्यायच्या असतील तर त्यांनी स्वतःच्या नंबरवरून किंवा ईमेलवरून त्या माणसाचे पूर्ण नाव लिहून पाठवावे: “अमुक यांच्याकडे किल्ल्या द्या, त्यांनी स्वीकारल्या म्हणजे मी ताबा स्वीकारला.” हे वाक्य लेखी मिळाले तर जरूर द्या, पण सही घेऊनच. फोनवरच्या होकारावर जाऊ नका.

मालक टाळाटाळ करत असतील तर भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 38 तुमच्या मदतीला येते. तुम्ही तुमची जबाबदारी पार पाडायला तयार होता, तसे योग्य रीतीने कळवले, आणि समोरच्याने ते स्वीकारले नाही, तर न पार पडल्याचा दोष तुमच्याकडे येत नाही आणि करारातले तुमचे हक्कही जात नाहीत. पण हा देकार, म्हणजे ताबा देण्याची तयारी कळवणे, बिनशर्त हवा, योग्य वेळी आणि योग्य ठिकाणी हवा, आणि जे देताय ते पाहून घ्यायची वाजवी संधी समोरच्याला मिळाली पाहिजे. ‘डिपॉझिट द्या, मग किल्ल्या देतो’ असे लिहिले की ती अट झाली आणि या कलमाचा आधार निसटला. करारात डिपॉझिट ताब्याच्या वेळीच परत करायचे असे कलम असेल (बहुतेक करारांत असते), तर पत्रात त्या कलमाचा उल्लेख जरूर करा. मात्र किल्ल्यांचा देकार वेगळ्या वाक्यात आणि बिनशर्त ठेवा.

आजच मालकांना पत्र लिहा. त्यात दस्त क्रमांक (कराराचा नोंदणी क्रमांक), फ्लॅटचा पत्ता, मुदत संपण्याची तारीख आणि ताबा देण्याच्या दोन वेळा लिहा. समजा 29 तारखेला संध्याकाळी 6 आणि 30 तारखेला सकाळी 11. स्वतः किंवा लेखी नेमलेल्या माणसाने यावे, असे सांगा. हे पत्र ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि स्पीड पोस्ट या तिन्ही मार्गांनी करारात दिलेल्या पत्त्यावर पाठवा. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, म्हणून काउंटरवर नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोच हवी असे स्पष्ट सांगा. पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला आणि पाकीट नोंदणीने पाठवलेले असेल, तर जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम 27 प्रमाणे ते पोहोचले असे गृहीत धरले जाते. न पोहोचल्याचे सिद्ध करणे मग मालकांवर येते.

घर पूर्ण रिकामे झाल्यावर एकाच सलग शॉटमध्ये व्हिडिओ काढा. दारावरच्या फ्लॅट क्रमांकापासून सुरुवात करा. प्रत्येक भिंत, कपाटांची आतली बाजू, किचन ट्रॉलीचे कप्पे आणि सिंकखालची जागा दिसू द्या. नळ सोडून दाखवा, फ्लश करा, पंखे, दिवे, गीझर चालू करा. शेवटी महावितरणच्या मीटरचा क्रमांक आणि रीडिंग एकाच फ्रेममध्ये घ्या. पाइप गॅस असेल तर तेही रीडिंग घ्या आणि अंतिम बिल मागवा. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत दाबलेली असते आणि तिच्यातले तारखेचे तपशील निघून जातात. कोर्टात लागलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते मूळ फाइल असली की सोपे जाते.

किल्ल्या मोजताना बरेच लोक चुकतात. मुख्य दाराचे लॅच, सेफ्टी डोअर, बेडरूम, कपाटे, लेटरबॉक्स, पार्किंगचा रिमोट, सोसायटीचे कार्ड आणि तुम्ही स्वतः करून घेतलेले डुप्लिकेट, सगळे पांढऱ्या कागदावर मांडून फोटो काढा. प्रत्येकीला लेबल लावा, पण लेबलवर फ्लॅट क्रमांक लिहू नका आणि हा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. दात स्पष्ट दिसले तर फोटोवरूनही किल्ली बनवता येते. एखादी किल्ली हरवली असेल तर ती ताबा पावतीत (मजकूर खाली दिला आहे) हरवलेली म्हणूनच लिहा.

मालक आले तर दोन प्रतींत ताबा पावती करा. मजकूर साधारण असा: “फ्लॅट क्र. … चा रिकामा व शांततापूर्ण ताबा आज दि. … रोजी … वाजता दिला व घेतला. सोबत एकूण … किल्ल्या, … रिमोट, … कार्ड. वीज मीटर रीडिंग … . डिपॉझिट रु. 66,000 पैकी रु. … मिळाले, रु. … येणे बाकी. बाकी रकमेबाबत दोघांचेही हक्क राखून.” दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्या. पैसे खात्यात दिसेपर्यंत ‘सर्व हिशेब पूर्ण’ किंवा ‘काही येणे नाही’ अशा ओळीवर सही करू नका. पैसे न मिळाल्याच्या नोंदीसह किल्ल्या द्या.

कुणीच आले नाही तर दिलेल्या वेळी दोन शेजाऱ्यांसह फ्लॅटवर अर्धा तास थांबा. दार उघडे, घर रिकामे, किल्ल्या हातात, मालक गैरहजर, अशी चार ओळींची नोंद करून तिघांनी सही करा. त्याच दिवशी किल्ल्या मालकांच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा. साध्या पाकिटात किल्ल्या घालू नका, छाननीत कागद फाटून त्या बाहेर पडतात. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, त्यावर बबल रॅप, मग छोटा खोका. पॅकिंगपासून पोस्टाच्या काउंटरपर्यंतचा व्हिडिओ घ्या. “पाकीट आले, पण रिकामे होते” हा नेहमीचा बचाव असतो. पोस्टाच्या पावतीवर वजन छापलेले असते, म्हणून बंद खोका आधी घरीही तोलून ठेवा. बाहेर ‘किल्ल्या’ असे लिहू नका. आतल्या पत्रात किल्ल्यांची संख्या द्या आणि “30 तारखेपासून ताबा आपल्याकडे दिलेला आहे” हे वाक्य घाला. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून खोका परत आला तर तो फोडू नका, सीलबंदच जपा. गरज पडली तर तो कोर्टासमोर उघडला जाईल.

रंगकामाबद्दल: करारात रंगाचे स्वतंत्र कलम असेल तर ते बघावे लागेल. नसेल तर नेहमीच्या वापराची झीज म्हणजे नुकसान नव्हे. ‘इतर’ या शब्दाखाली कपात मान्य करू नका, प्रत्येक रकमेचे बिल मागा. ताबा दिल्यावर पंधरा दिवसांची मुदत देऊन डिपॉझिटची लेखी मागणी करा, पावती आणि रीडिंगचे फोटो जोडा. पोलीस ठाण्यात गेलात तर बहुधा ‘हा दिवाणी वाद आहे’ असेच सांगतील. रक्कम वसुलीच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे (लिमिटेशन अ‍ॅक्ट) साधारणपणे तीन वर्षे मिळतात, त्यामुळे 66,000 साठी आज किल्ल्या अडवण्याची गरजच नाही.

एकदा किल्ल्या दिल्यावर विसरलेली वस्तू आणायला त्या घरात परस्पर शिरू नका, जपून ठेवलेली जादा किल्ली तर वापरूच नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली गृह-अतिक्रमणाची तक्रार करण्याची संधी मालकांना आयती मिळेल. वस्तू लेखी मागा, आणि मालकांच्या किंवा त्यांच्या माणसाच्या उपस्थितीतच घ्या.